पोहे, बिस्किटं, नारळ, ब्लाउजपीस

आमच्या आईला राजनंदिनी हे नाव कुठे सापडलं ते तिलाच माहीत. तिचं स्वतःचं नाव बनुबाई, वडिलांचं कानिफनाथ, आणि त्यांच्या पोटी मी राजाची लेक. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! अठ्ठ्याण्णव साली हा वाळा म्हणजे श्रीरामपुरातल्या एका ग्राहक भांडारातली रोजंदारी होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, तिथेच गोदाम सांभाळायचे आणि त्यांच्या शब्दाखातर मला कॉम्प्युटरपुढे बसवलं होतं. मी बी.कॉम. झाले होते, वर एक वर्षाचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि माझं लग्न जमत नव्हतं.

यातलं शेवटचं मी उगाच जोडलेलं नाही. आमच्या ओळखीतली माणसं या तिन्ही गोष्टी अशाच एका दमात सांगायची.

दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी कुणीतरी यायचं. मी साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर जायचे आणि खाली मान घालून बसायचे. नाव काय, शिक्षण किती, जरा चालून दाखव. एक आत्याबाई म्हणाल्या, "कॉम्पुटर येतो म्हनं. भाकरी येती का?" निघताना आई पाहुण्या बायकांची ओटी भरायची आणि आठवड्याने निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलेलीच नसायची. माझं डोकं फिरायचं. पण राग अण्णांवर काढायची सोय नव्हती, कारण माझ्यापेक्षा त्यांचीच मान जास्त खाली गेलेली असायची.

म्हणून भांडाराचे चेअरमन गहिनीनाथ तात्या एकदा म्हणाले, "पोरी, ह्या डब्यातून भांडाराचा काही फायदा काढून दाखव, तुला कायम करून टाकतो," तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं. कायमची ऑर्डर हातात पडली की अण्णांना सांगायचं, आता बास. आता पाहुणे नकोत. आपलं पोट आपण भरणाऱ्या बाईने ट्रे घेऊन कुणापुढे का जावं? हे वाक्य मी आरशापुढे पाठसुद्धा केलं होतं.

फायदा कशातून काढायचा ते माझा मावसभाऊ हर्षलमुळे सुचलं. तो पुण्याला कॉम्प्युटर शिकायचा. दिवाळीत येताना त्याने एका इंग्रजी लेखाची झेरॉक्स आणली होती. दुकानाच्या हजारो बिलांतून कोणत्या वस्तू लोक नेहमी एकत्र घेतात, ते शोधायची रीत त्यात होती. आमच्याकडे बिलं तर पडलीच होती. सभासदांना वर्षभराच्या खरेदीवर दिवाळीला सूट मिळायची, त्यामुळे प्रत्येक बिलावर मेंबर नंबर असायचाच, आणि मशीन आल्यापासूनचं एकेक बिल आत साठलेलं होतं.

रीत तशी सोपी होती. आधी एकेक वस्तू किती बिलांत आली ते मोजायचं. जी फारशी खपत नाही तिला काढून टाकायचं. उरलेल्यांच्या जोड्या लावायच्या, त्या मोजायच्या, दुबळ्या जोड्या फेकायच्या. मग तिघांचे गट, मग चौघांचे. खुबी एवढीच, की जोडी दुबळी निघाली तर ती ज्या गटात असेल तो गट मोजायचे कष्टच घ्यायचे नाहीत. केरसुणी आणि खारीक कोणी एकत्र घेत नसेल, तर केरसुणी, खारीक आणि साबण कोण घेणार? ही युक्ती कळली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मग फॉक्सप्रोमध्ये महिनाभर खपून प्रोग्राम लिहिला. मशीन जुनं होतं. सकाळी लावून दिलं की दुपारचे डबे उघडेपर्यंत ते घरघरत बसायचं.

मशीनमध्ये वस्तूंना नावं नव्हती, नंबर होते. काउंटरवर बिलं करणाऱ्या प्रज्ञाला ते तोंडपाठ होते. मी आत बसून नुसते आकडेच बघत होते. त्यात चार नंबरांचा एक गट निघाला, असा पक्का की मी दोनदा तपासला. ज्यांनी त्यातल्या तीन वस्तू घेतल्या त्यांनी दहापैकी नऊ वेळा चौथीही घेतलेली. आकड्यांपुढे नावं लावायचा भाग मी वार्षिक सभेच्या सकाळी बसवला, चहा आणि साखर बरोबर येतंय एवढं बघितलं, आणि साडी बदलायला घरी पळाले.

सभा भांडाराच्या माडीवर होती. संचालक पुढे खुर्च्यांवर, सभासद सतरंजीवर, बायका एका बाजूला. माझं मशीन टेबलावर आणून ठेवलं होतं आणि मागच्यांना अक्षरं दिसणार नाहीत म्हणून तात्या चष्मा लावून, माईक हातात घेऊन स्वतः वाचायला उभे होते. अण्णा दारापाशी चहाच्या तयारीत होते. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता.

पहिला नियम आला. तात्यांनी वाचलं, "जो चहा घेतो, तो साखर घेतो."

माडी हसून हसून लोळायची बाकी राहिली. "अहो तात्या, हे सांगायला एवढं महागाचं मशीन आणलं व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. दुसरा नियम काडेपेटी आणि उदबत्तीचा निघाला. पुन्हा तेच. माझे कान तापले. माझा स्वभाव असा, की कुणी हसलं की मला थांबता येत नाही. मी मोठ्याने म्हणाले, "हे सोपे आहेत. आता असा दाखवते जो तुमच्यापैकी कुणाला सांगता येणार नाही." आणि तो चार नंबरांचा गट पडद्यावर आणला.

तात्यांनी सावकाश वाचलं, "पोहे. क्रीमची बिस्किटं. ब्लाउजपीस. जो हे तिन्ही घेतो, तो नारळ घेतो."

मी विजयाने माडीभर नजर फिरवली. बायकांत आमच्या शेजारच्या कडूबाई बसल्या होत्या, त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं बया! ह्यो तर पोरगी दाखवायचा कारेक्रम!"

मग जो हशा उसळला तो मघासारखा नव्हता. लोक खूश होऊन हसत होते. मशीनने खरंच काहीतरी ओळखलं होतं, घरातलं, आतलं. एक संचालक मांडीवर थाप मारून म्हणाले, "लई भारी! मंग सगळ्यात जास्त कुनाच्या घरी व्हतोय, त्ये बी सांगंल का?"

"सांगेल की," मी म्हणाले. टाळ्या मिळायला लागल्यावर माणसाला अक्कल कुठली? मेंबर नंबराप्रमाणे मोजायची कमांड मी धडाधड मारली. कडूबाईंचं बोलणं माझ्या डोक्यात उतरलं तेव्हा बोटाने एंटर दाबलेलं होतं. पोरगी दाखवायचा कार्यक्रम. आमच्या घरचे पोहे, आमच्या घरची ओटी. दोन वर्षं जो ट्रे मी स्वतः उचलत होते, तो मला महिनाभर समोर असून ओळखू आला नव्हता.

तात्यांनी सवयीने वाचून टाकलं. "कानिफनाथ दरंदले, अकरा वेळा." पुढचं नाव त्यांच्या तोंडातून निघून गेल्यावर ते थांबले. "कडूबाई मोटे, नऊ."

माईकची खरखर ऐकू येत होती. मी पडदा बंद करायला हवा होता. मला ते बटणसुद्धा सुचलं नाही. कुणीतरी खोकलं, कुणीतरी "अकरा?" असं हळूच म्हटलं, आणि बायकांच्या बाजूला कडूबाई पदर ओढून भिंतीकडे बघत बसल्या. त्यांची अनिता माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णा त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन आत आले होते. मागे फिरता येत नव्हतं. ते पहिल्या खुर्चीपासून सुरू झाले आणि एकेकापुढे वाकून कप देत गेले. प्रत्येकाने वर न बघता कप उचलला. मला माझी लाज वाटत होतीच, पण अण्णांना असं चाळीस माणसांपुढे वाकताना बघून जे वाटलं त्याला लाज हा शब्द कमी पडतो. आपण आपल्या बापाला उघडं केलं, आणि तेही हुशारी दाखवायला, एवढंच मनात येत होतं.

घरी आल्यावर आई बोलली. "अकरा वेळा मोजायची तुला हौस हुती का गं? मी तर मोजलं न्हवतं." एवढं बोलून ती चुलीपुढे बसली आणि तिने रडायला सुरुवात केली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने खांदा झटकला. त्याच रविवारी शेवगावची मंडळी यायची होती. शनिवारी निरोप आला, मुलाला सुट्टी नाही. शेवगावपर्यंत गोष्ट कोणत्या एसटीने गेली कोण जाणे. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून अण्णा पुढच्या दाराने भांडारात येईनात. ते थेट गोदामाच्या मागच्या दाराने जायचे आणि डबाही तिथेच, पोत्यांच्या आडोशाला खायचे.

तात्यांना मात्र नियम पसंत पडला होता. तात्या वाईट माणूस नव्हते, व्यापारी होते. त्यांनी चारही वस्तूंचा एक संच करायला लावला. एका पिशवीत पोहे, बिस्किटं, नारळ, ब्लाउजपीस, वर थोडी सवलत, आणि नाव 'पाहुणचार पुडा'. ती चिठ्ठी मलाच छापावी लागली. पुड्यांचा ढीग अगदी काउंटरसमोर लावला. "हे गेले की तुझी ऑर्डर काढतो," तात्या म्हणाले.

एकही पुडा गेला नाही. बायका दारातून आत यायच्या, ढीग दिसला की दुसऱ्या अंगाने वळायच्या. प्रज्ञा सांगायची, "पोरगी असलेल्या बाया तर तिकडं मान पन वळवीत न्हाईत." नुसते पोहे मागतानाही काही जणी "नाष्ट्याला हायेत बरं का" असं न विचारता सांगायच्या. मी आत काचेमागे बसून हे ऐकत होते. माझ्यामुळे अख्ख्या पेठेतल्या बायकांना पोह्यांचा खुलासा द्यावा लागत होता.

आमच्या घरी काय चाललंय ते मला उशिरा कळलं. नेवाशाकडचं एक स्थळ येणार होतं. पलंगाखाली झाडताना पोह्यांची पिशवी दिसली. कार्यक्रमाला अजून पाच दिवस होते. फडताळात वरच्या फळीवर नारळ होता, आणि आई ब्लाउजपीस पदराखाली घेऊन आत येत होती.

"हे काय गं?" मी विचारलं.

"सोमवारी पोहे, आज कापड. बिस्किटं शुक्रवारी आननार," ती हळू आवाजात म्हणाली. "समद्या बाया आसंच करत्यात आता. दुसऱ्या दुकानात गेलं तर दिवाळीची सूट बुडती. तुझ्या त्या डबड्याला काय कळतंय? त्याला येकाच बिलातलं कळतं."

किती शहाण्या बायका! मशीन कसं चालतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी नेमकी फट सापडली होती. आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जरासं हसू होतं आणि मला ते बघवत नव्हतं. कारण डबड्याला कळत नव्हतं हे खरं, पण त्याला शिकवणारी तिच्यासमोर उभी होती.

थोड्या दिवसांनी तात्यांनी पुन्हा प्रोग्राम लावायला सांगितलं. पुडे का खपत नाहीत, त्याचा जाब संचालक मागत होते. मी नवीन बिलं घातली. चहा-साखर आलं, काडेपेटी-उदबत्ती आलं. चौघांचा गट कुठेच नव्हता. त्याच्या जोड्यासुद्धा पहिल्याच चाळणीत गळून गेल्या होत्या. कागदावर पाहिलं तर श्रीरामपुरात मुली दाखवायचं बंद झालं होतं.

इथे माझा स्वभाव पुन्हा आडवा आला. माझा प्रोग्राम चुकला असं कुणी म्हणणार, हे मला सहन होईना. मी एक बदल केला. एका मेंबरची आठवडाभराची सगळी बिलं जोडून एकच बिल धरायचं आणि मग मोजायचं. दहा-बारा ओळींचं काम. सकाळी लावलं. दुपारी गट परत आला, पहिल्यापेक्षा पक्का. खाली मेंबरांची नावं आली. आमचं. कडूबाईंचं. मागच्या गल्लीतल्या, बाजारतळावरच्या, माहेरी परत आलेल्या लेकीसाठी धडपडणाऱ्या एकीचं. प्रत्येकीने आठवडाभर पदराआड लपवून आणलेलं सामान मी पुन्हा एका ओळीत मांडून ठेवलं होतं. मी जेवणाचा डबा न उघडताच बाजूला ठेवला.

संचालकांची बैठक दुपारनंतर होती. न खपलेले पुडे गोदामात परत घ्यायचे म्हणून अण्णांनाही बोलावलं होतं. ते भिंतीला टेकून उभे होते.

"पोरी," तात्या म्हणाले, "तुझ्या नियमापायी नारळ नासले, बिस्किटं मऊ पडली. आता म्हनं मशीन पन त्यो नियम दाखवत न्हाई. खरं काय ते सांग. नियम खरा असला तर मी अजून सहा महिने दम धरतो, तुझी ऑर्डर आजच काढतो. तुझी मेहनत मी बघितली हाय."

तोंडाशी आलं होतं. तात्या, नियम खरा आहे, बायका सामान वाटून नेतात, हे बघा, आत्ता दाखवते. दोन मिनिटांचं काम होतं. मग ऑर्डर, मग अण्णांना ते पाठ केलेलं वाक्य. आणि मग तात्यांनी चष्मा लावून ती नावं वाचली असती. या वेळी माईकची गरजही पडली नसती, भिंतीला टेकलेल्या माणसाला तसंच ऐकू आलं असतं.

"चुकला तात्या," मी म्हणाले. "माझा प्रोग्राम चुकला. आकडे नीट जुळले नव्हते. आधीही चुकीचंच आलं होतं."

"अकरा बी चुकीचं?" एका संचालकाने विचारलं.

"सगळंच."

ते हसले. "तरी मी म्हनत हुतो, पोरीच्या जातीचं काम न्हाई ह्ये." दुसरे म्हणाले, उगाच लोकांच्या घरात भांडणं लावली. तात्यांनी हात वर करून त्यांना गप्प केलं, पण माझ्याकडे बघताना त्यांचाही चेहरा उतरला होता. "बिलं तर बरी काढती. ऱ्हाऊ दे रोजंदारीवर," ते म्हणाले. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मला येत होतं! त्या खोलीतल्या कुणालाही आलं नसतं ते मला येत होतं, आणि मी मठ्ठ ठरून उभी होते.

अण्णांकडे बघायचं धाडस मी उशिरा केलं. मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. त्यांची मान तशीच खाली होती. पाहुण्यांपुढे माझं सगळं सांगून झालं की ते शेवटी एक वाक्य हमखास म्हणायचे, "पोरगी डोक्यानं लई हुशार हाय." आता तेही म्हणायची सोय उरली नव्हती. त्यांनी पुड्यांची खोकी उचलली आणि ते बाहेर गेले. त्यांना खरं सांगावं असं मला फार वाटलं. पण खरं सांगायचं तर आई आणि बाकीच्या जणी काय करतात तेही सांगावं लागलं असतं, म्हणून मी मागे गेले नाही. आत जाऊन त्या दहा-बारा ओळी पुसल्या.

बातमी पसरायला आमच्याकडे माईक लागत नाही. तीन-चार दिवसांत जो तो मला "काय, मशीन बिघडलं म्हनं?" असं विचारू लागला. मी मान हलवायचे. दर वेळी तेवढीच लाज वाटायची, सवय झाली नाही.

शनिवारी प्रज्ञा सुट्टीवर होती म्हणून काउंटरवर मी होते. कडूबाई आल्या. सभेपासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांनी फळ्यांवरून एकेक वस्तू उचलून माझ्यापुढे ठेवली. पोहे, बिस्किटांचे दोन पुडे, नारळ कानाशी हलवून, आणि निळा ब्लाउजपीस.

"एकाच बिलात घेऊ का वेगवेगळं करू?" मी खाली बघत विचारलं.

"येकातच कर. आता कशाला भ्यायचं?" कडूबाई म्हणाल्या. इतक्या महिन्यांनी त्या मोकळ्या आवाजात बोलत होत्या. मी चारही नंबर मारले, बिल फाडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पिशवी उचलली, दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी काउंटरवरून हात लांब करून माझ्या गालाला लावला.

"वाईट वाटून घिऊ नगं, नंदा," त्या म्हणाल्या. "येकदा न्हाई जमलं म्हनून काय झालं? शिकशील हळूहळू."

"हो, कडूबाई," मी म्हणाले.